झुडपी टेकडीवर झाडं लावण्याआधी

प्रश्न (मुलुंडच्या एका पक्षीमित्राचा, थोडक्यात): आमच्या गटाला शहराच्या कडेची एक उजाड, झुडपांची टेकडी देखभालीसाठी मिळतेय. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून या पावसाळ्यात पाच हजार झाडं लावायचा बेत आहे. दरम्यान इक्वेडोरमधल्या एका कोरड्या डोंगरदरीतल्या पेल-हेडेड ब्रशफिंच या दुर्मीळ पक्ष्याबद्दल वाचलं. काउबर्ड नावाचे पक्षी मारून त्याला वाचवलं म्हणे. आमच्या टेकडीवरही चातक, पावशा, कोकीळ वाढलेत आणि बुलबुल-सातभाई कमी झाल्यासारखे वाटतात. तसं काही इथे करता येईल का? आणि असं मारणं मुळात योग्य आहे का?

उत्तर:

चातक-कोकिळांना हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी त्याने तुमच्या टेकडीवर एकही बुलबुल वाढला नसता. इक्वेडोरमध्ये जे केलं गेलं ते माझ्या मते बरोबर होतं. का, ते पुढे सांगते. मला खरी काळजी वाटली ती तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्याची. पाच हजार झाडं. त्या ब्रशफिंचची हकिकत नीट वाचली तर हा आकडा तुम्हालाही टोचेल.

पक्षी तसा साधा. चिमणीहून थोडा मोठा, पाठ करडी-तपकिरी, डोकं फिक्कट पांढुरकं. मोठ्या लेन्सवाल्यांनी दोनदा वळून पाहावं असं त्यात काही नाही. इक्वेडोरच्या दक्षिणेला, आझुआय प्रांतात, हुबोनेस नदीच्या खोऱ्यात युंगिया नावाची दरी आहे. आजूबाजूच्या अँडीज रांगा पाऊस अडवतात, त्यामुळे दरी कोरडी. उतारांवर काटेरी झुडपं, वेली, खुज्या बांबूची बेटं आणि मधेमधे गवताचे तुकडे. हा पक्षी जगात फक्त तिथेच आहे. 1969 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, बऱ्याच जणांनी तो संपला असं धरलं होतं. नोव्हेंबर 1998 मध्ये आना आग्रेदा, नील्स क्राब्बे आणि ऑर्फा रॉड्रिगेझ यांना तो पुन्हा सापडला.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर 1997 मध्ये, आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा (घुबडाची एक छोटी जात) सापडला होता, 113 वर्षांनी. तो इतकी वर्षं का सापडला नाही याचं एक कारण फार चीड आणणारं आहे. मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 चा म्हणून गुजरातमधला एक नमुना दाखवला होता. तो संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली आणि खोटी ठिकाणं वगळून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या मागावर शोध घेतला. हरवलेले पक्षी बहुधा आपण चुकीच्या जागी शोधत असतो म्हणून हरवलेले असतात. 2014 मध्ये हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या रानात दिसला, तेव्हा आमच्यातल्या भल्याभल्यांची तोंडं उघडी राहिली होती.

युंगियाकडे वळू. तिथे सापडलेल्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. होकोतोको फाउंडेशन ही तेव्हा नुकतीच स्थापन झालेली संस्था; तिने पुढच्याच वर्षी तिथली जमीन विकत घेतली आणि गुरं-शेळ्या बाहेर काढल्या. साधारणपणे इथेच गोष्ट संपते: कुंपण, फलक, फीत कापणं. पण पुढची काही वर्षं जमीन सुरक्षित असूनही संख्या वीसेक जोड्यांच्या आसपासच घोटाळत राहिली. मग श्टेफेन ओपेल, मार्टिन शेफर हे संशोधक आणि त्यांचे सहकारी एकेका जोडीच्या मागे लागले. हद्दी आखल्या, घरटी शोधली, पिल्लांना कोण भरवतंय ते पाहिलं. सुमारे 38 टक्के जोड्यांच्या घरट्यांत शायनी काउबर्डने अंडी घातलेली होती.

ब्रशफिंच एका वेळी साधारण दोनच अंडी घालतो. काउबर्डची मादी स्वतःचं अंडं टाकतेच, पण यजमानाच्या अंड्यांना चोच मारून भोकंही पाडते. तिचं पिल्लू लवकर फुटतं, झपाट्याने वाढतं आणि सगळा घास ओढून घेतं. म्हणजे गेलेली जोडी त्या वर्षापुरती गेलीच. वीस जोड्यांतल्या सात-आठ दर वर्षी अशा जात असतील तर जमीन विकत घेऊन तुम्ही फक्त पक्ष्याच्या शेवटाला कुंपण घातलंय.

2003 पासून राखीव क्षेत्रात काउबर्ड मारायला सुरुवात झाली. 2009 च्या मोजणीत 113 जोड्या मिळाल्या. पुढे या पक्ष्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आणलं गेलं. पक्षीसंवर्धनात वर सरकण्याची बातमी फारशी येत नाही, म्हणून ती गाजली.

मारणं योग्य होतं का, या तुमच्या प्रश्नाकडे येते. काउबर्ड मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. पण तो मोकळ्या, गुराढोरांच्या जागांचा पक्षी आहे. रान तुटलं, शेती आणि कुरणं वाढली तसतसा तो नव्या दऱ्यांत घुसला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तो दोनशेहून अधिक जातींच्या घरट्यांत अंडी घालतो. एक यजमान दुर्मीळ झाला म्हणून त्याचं काही अडत नाही, त्याची संख्या इतरांच्या जिवावर तशीच राहते. शेवटच्या वीस जोड्यांवरचा त्याचा भार त्यामुळे आपोआप कधीच हलका होत नाही. आधी मोजून नुकसान सिद्ध केलं, एका छोट्या क्षेत्रात, विणीच्या काळापुरतं नियंत्रण केलं आणि परिणाम पुन्हा मोजला. या चारही गोष्टी असतील तर मी मारण्याच्या बाजूने उभी राहते. त्यातली एक जरी नसली तरी ती नुसती शिकार.

आता चातक. आपल्याकडे चातक आणि पावशा दोघंही मुख्यतः सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात, कोकीळ कावळ्यांच्या. चातकाचं अंडं सातभाईच्या अंड्यासारखंच निळं असतं. इतकं हुबेहूब जुळायला किती पिढ्या गेल्या असतील याचा अंदाज करा. सातभाई थव्याने पिल्लं वाढवतात, वर्षात पुन्हा पुन्हा वीण करतात, आणि मुंबईच्या आसपास त्यांची काही टंचाई नाही. बुलबुलाच्या घरट्याच्या वाटेला आपल्याकडे यातलं सहसा कोणी जात नाही. तेव्हा बुलबुल कमी झाल्याचं खापर चातकावर फोडता येणार नाही. चातक वाढल्यासारखा वाटतो कारण जूनमध्ये तो टेकडी डोक्यावर घेतो, आणि आपणही नेमके त्याच दिवसांत पहिल्या पावसाचं निमित्त काढून वर जातो.

बुलबुल खरंच कमी झाले असतील तर मी आधी टेकडीच्या पायथ्याचा कचरा बघेन. कचरा म्हणजे कावळे, मांजरं आणि कुत्री. कावळ्यांना रोज शेव-पाव घालणारे पुण्यवान लोक तुमच्या सोसायटीतही असतील. त्यांच्याशी बोलणं हे चातकाला दगड मारण्यापेक्षा अवघड काम आहे, पण करावं लागेल.

इक्वेडोरची गोष्ट ऐकून लोक ‘परजीवी हटवा’ एवढंच घेऊन जातात, म्हणून अमेरिकेतली एक जुनी हकिकत सांगते. मिशिगन राज्यात कर्टलँड्स वॉर्बलर नावाचा पक्षी कोवळ्या जॅक पाइनच्या रानातच घरटं करतो, फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात तोवरच. 1961 च्या मोजणीत गाणारे नर 502 होते, 1971 मध्ये 201. तिथेही काउबर्ड, त्याचा भाऊबंद. 1972 पासून पिंजरे लावून काउबर्ड पकडायला सुरुवात झाली. घसरण थांबली, पण संख्या वाढेना. 1987 मध्येही नर 167 च होते. वाढ कधी झाली? 1980 मध्ये मॅक लेक भागात मोठी आग लागली होती, तिच्या राखेतून नवी कोवळी पाइन उगवून योग्य उंचीची झाली तेव्हा. पुढे तिथल्या खात्यांनी ठरावीक वर्षांनी तोड आणि लागवड करून तशी कोवळी रानं मुद्दाम राखली. संख्या दोन हजार नरांच्या वर गेली आणि 2019 मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. अलीकडे पिंजरे जवळजवळ बंद केले तरी परजीविता फार कमी आढळली.

एकाच प्रकारचा शत्रू, एकच उपाय, आणि निकाल दोन. युंगियात जागा होती, वीण फसत होती. म्हणून काउबर्ड हटताच आकडे उसळले. मिशिगनमध्ये वीण सावरली तरी राहायला रानच नव्हतं. तुमच्या टेकडीवर नेमकं काय अडलंय हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तुम्ही अजून मोजलेलं नाही.

युंगियातही पुढे गाडी अडलीच. राखीव क्षेत्र भरलं, नव्या जोड्यांना जागा उरली नाही. बाहेरच्या जमिनीवर ऊस, गुरं आणि क्वेंका शहरातल्या सुखवस्तू मंडळींची सुट्टीतली घरं; कर्जत-नेरळ पाहिलेल्याला जास्त सांगायला नको. शिवाय आतलं रान बदलू लागलं. गुरं पूर्ण बंद केल्यावर झुडपं उंच होत गेली, फांद्या वर मिटायला लागल्या, मधले गवताचे तुकडे बुजले. ब्रशफिंचला दाट जाळी हवी, पण तिच्या शेजारी उघडी जागाही हवी. शेळ्यांनी सगळं खाल्लं तर तो जातो, आणि रान पूर्ण वाढलं तरी जातो. त्यामुळे तिथे माणसं लावून काही भागात झुडपं छाटावी लागतात. निसर्गाला त्याच्यावर सोडून द्या, असं म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. मलाही हा कायमचा खर्च आवडत नाही. पण जगातली एकुलती एक दरी असताना तत्त्वावर अडून बसायची चैन परवडत नाही. आणखी एक सावली या यशावर आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पक्ष्यांच्या रोगप्रतिकाराशी जोडलेल्या जनुकांमधलं वैविध्य घटलेलं दिसलं. आकडा वर आला तरी अशी तूट लगेच भरून निघत नाही. उद्या एखादी साथ आली तर काय, हे टांगलेलंच आहे.

आता तुमच्या टेकडीकडे. तुम्ही तिला ‘उजाड’ म्हणालात. तुमचा दोष नाही, सरकारी कागदही तेच म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात दाट झुडपांची आणि विरळ झुडपांची जमीन हे चक्क पडीक जमिनीचे प्रकार आहेत. विदर्भात ‘झुडपी जंगल’ या महसुली नोंदीचा वाद कित्येक दशकं चालला, मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच धरली. एकदा पडीक म्हटलं की ती भरून काढायची घाई होते.

वृक्षारोपणाचा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटून सांगू शकते. मे अखेर ठेकेदार येतो. झाडं लावायच्या आधी ‘साफसफाई’ होते, म्हणजे करवंद, हेंकळ, गेळा, धायटी, बोर कोयत्याने आडवे होतात. मग पंचेचाळीस सेंटिमीटरचे चौकोनी खड्डे, ओळीत. पहिल्या पावसात पाहुणे, टोप्या, फोटो. बहुतेक वेळा गिरिपुष्प, सुबाभूळ नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ, कारण ती सहसा मरत नाहीत. मे-जून हाच शिपाई बुलबुलाच्या, चिरकाच्या, सातभाईच्या विणीचा भर. म्हणजे पक्षी वाचवायला निघालेली मंडळी पहिलं काम करतात ते घरट्यांसकट जाळी तोडण्याचं.

करवंदीची एक जाळी जवळ बसून पाहा, अर्धा तास तरी. बाहेरून ती हिरवा गोळा दिसते. आत काटे जोडीजोडीने, समोरासमोर, आणि मधे एक पोकळी. बुलबुल कधी थेट आत शिरत नाही. आधी शेजारच्या काडीवर बसतो, मान वळवून पाहतो, मग बाजूने एकाच ठरलेल्या फटीतून आत. घरटं कमरेच्या उंचीला, काटेरी फांद्यांच्या बेचक्यात. भारद्वाज त्या जाळीभोवती चालत फेऱ्या घालतो, लाल डोळ्याने आत बघतो, एखादा पंख आत घुसवायचा प्रयत्न करतो आणि काट्याला अडून मागे होतो. शिक्राही वरून घिरटी मारून जातो. त्या जाळीचा घेर कमी करा, दोन फांद्या छाटा, आणि भारद्वाज आत. तुमच्या टेकडीवरची सगळ्यात मजबूत कुंपणं अशी आधीच उभी आहेत, फुकट.

ओळीने लावलेलं उंच झाड झुडपी रानात आणखी एक काम करतं. काउबर्ड, कोकीळ, कावळा, शिक्रा, सगळ्यांना घरटी हेरायला उंच बसायची जागा लागते. सपाट झुडपांवर पाच हजार मचाणं उभी करून मग घरटी लुटली जातात म्हणून हळहळणं मला समजत नाही.

इथे एक फरक मात्र मान्य करायला हवा. मुंबईची टेकडी म्हणजे युंगिया नव्हे. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वणवा, कुऱ्हाड आणि चराई थांबली तर आपल्या बऱ्याच टेकड्या आपल्याआपण पानगळीच्या रानाकडे सरकतील. त्यामुळे ‘झुडूप तेवढं पवित्र’ असंही मी म्हणणार नाही. घळीत, ओहोळाच्या काठाला, जिथे माती खोल आहे आणि जुनी खोडं अजून फुटतायत, तिथे रान वाढू द्या. ते रोपांशिवायही होतं. बुलबुल फळं खाऊन करवंदीच्या जाळीत बिया टाकतात, रोप काट्यांच्या आडोशाला शेळीपासून बचावतं आणि काही वर्षांनी जाळीतून डोकं वर काढतं. अशी जाळीतून आलेली रोपं तुमच्या टेकडीवर आत्ताही असतील. साफसफाईत करवंदीबरोबर तीच कापली जातात. उरलेल्या खडकाळ, पातळ मातीच्या उतारांवर मात्र झुडपं आणि गवत हेच मूळ वैभव समजा.

मोजणी कशी करायची? एक पायवाट कायम करा. मार्च ते जुलै, महिन्यातून दोनदा, सूर्योदयाला त्याच वाटेने, त्याच वेगाने चाला. गाणारा प्रत्येक नर नकाशावर ठिपक्याने मांडा, जातीनुसार वेगळा रंग. हंगाम संपताना ठिपक्यांचे पुंजके दिसू लागतात, एक पुंजका म्हणजे साधारण एक जोडी. घरटी शोधत जाळीत घुसू नका. तुमच्या मागोमाग कावळा येतो, तुम्ही मोडलेल्या फांदीवरून वाट काढतो. सातभाईंचा थवा कोणाच्या पिल्लाला भरवतोय हे दुर्बिणीतून लांबूनही कळतं. असे दोन हंगाम झाले की मग हस्तक्षेपाचं बोला.

तोवर तीन गोष्टी नक्की करता येतील आणि त्यांना कोणाचा आक्षेप नसावा. जानेवारीत वनखात्याच्या परवानगीने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढा, कारण फेब्रुवारी ते मे या काळातला एक वणवा तुमचं सगळं काम एका दुपारी संपवतो. पायथ्याचा कचरा उचलण्यासाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये पाठपुरावा करा, कंटाळवाणं असलं तरी. आणि घाणेरी एकदम उपटायला जाऊ नका. ती परदेशी आहे, त्रासदायक आहे, पण सध्या तिच्यातही घरटी आहेत. पावसाळा सरल्यावर, विणीबाहेर, छोट्या तुकड्यांत काढा, त्या जागी करवंद-बोराची वाढ दिसली की पुढचा तुकडा घ्या. चराई असेल तर गुराख्याशी भांडण नको. थोडी गुरं गवताचे तुकडे उघडे ठेवतात, त्याचा उपयोगच होतो. शेळ्यांचे कळप मात्र पावसाळ्यात नव्या फुटव्यावर येणार नाहीत एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

राहिला कंपनीचा पैसा. त्यांना अहवालात आकडा हवा असतो, आणि झाडांचा आकडा सगळ्यात सोपा. त्यांच्याकडे गेलात की हात हलवत जाऊ नका, नकाशा घेऊन जा. घळीतली दीड-दोनशे स्थानिक रोपं, जाळीत आधीच उगवलेल्या रोपांची मोजदाद आणि राखण, जाळरेषेची किलोमीटरमधली लांबी, पहारेकऱ्याचा वर्षभराचा पगार, आणि दर हंगामाला किती जोड्या मिळाल्या हा आकडा. अहवाल भरायला एवढं पुरतं. पाच हजारांशिवाय चालणारच नाही म्हणाले तर त्यांना टेकडीऐवजी एखाद्या मोकळ्या रस्त्याकडेला किंवा सोसायट्यांच्या आवारात न्या. तिथे सावलीची गरज माणसांना आहे, आणि खड्डे खणताना करवंदीची एकही जाळी तुटणार नाही.